गालावरचं पीठ

मास्तर आमच्या घरी आला तेव्हा गिरणीत नऊ डबे रांगेला लागले होते आणि मी कुणाच्यातरी ज्वारीतले खडे वेचत बसले होते. शिवलीला, आमची लेक, पुण्याहून सकाळच्या गाडीने उतरली ती बॅग न टेकवता थेट गिरणीत शिरली. पर्समधून जाड दांड्यांचा एक चष्मा काढला आणि आपल्या अप्पांच्या नाकावर बसवला.

"अप्पा, मोटर बंद करा आणि ऐका."

यांनी चाचपून बटण बंद केलं. दगड घरघरत थांबले.

"नमस्कार," चष्म्याच्या दांडीतून आवाज आला. पुरुषाचा, सावकाश, निवृत्त झालेल्या शाळामास्तरासारखा. "तुम्ही पिठाच्या गिरणीत उभे आहात. उजव्या हाताला नऊ डबे आहेत. आठ स्टीलचे, एक प्लास्टिकचा, त्याचं झाकण फुटलेलं आहे. समोर एक तरुण मुलगी आहे. ती रडते आहे."

"रडत नाहीये काही," शिवलीला नाक ओढत म्हणाली. "पीठ गेलं डोळ्यांत."

"तिच्या मागे एक बाई बसली आहे," आवाज पुढे म्हणाला, आणि माझ्या हातातली ज्वारी सुपात तशीच राहिली. एकोणीस वर्षं ज्या वाक्याला मी भीत आले होते, ते माझ्याच गिरणीत, माझ्याच लेकीने आणून ठेवलं होतं.

"तिच्या चेहऱ्यावर आणि दोन्ही हातांवर पीठ लागलेलं आहे."

हे मोठ्याने हसले. "अरे मास्तर, ती आमची महानंदा. तिला पीठ लागलेलं नसेल तेव्हा सांग, ती खरी बातमी!"

शिवलीलाने माझ्याकडे पाहिलं. मी सुपाकडे पाहिलं. पीठ थोडं होतंही. बाकीचं कोड होतं.

हे जरा नीट सांगायला हवं.

मल्लिनाथ, म्हणजे आमचे हे, यांची नजर काचबिंदूने गेली तेव्हा शिवलीला पाच वर्षांची होती. काचबिंदू दुखत नाही, खुपत नाही. कडेकडेने दिसणं कमी होत जातं आणि माणसाला वाटतं, हल्ली संध्याकाळ जरा लवकर होते. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा नळीतून बघावं एवढंच उरलं होतं. वर्षभरात तेही मिटलं. पहिले सहा महिने हे भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. मग एक दिवस उठले, भिंत धरत गिरणीत गेले आणि पडत्या पिठाखाली हात धरला. अंगठा आणि तर्जनीत चिमूट घासली. "जाड पडतंय," म्हणाले. "दगड गुळगुळीत झालाय, छिन्नीनं टाकी लावायला पाहिजे." त्या दिवसापासून मुरूम गावात आमच्यासारखं दळण कुणाचं नाही. बाकीचे पीठ बघतात, हे पिठाला हात लावून विचारतात.

त्याच सुमारास एकदा जेवताना म्हणाले, "सगळ्यांची तोंडं पुसट व्हायला लागलीत गं. आईचंसुद्धा. तुझं तेवढं पक्कं हाय. सावळं, तव्यावरनं आत्ता उतरवलेल्या भाकरीगत."

पुढे दोन वर्षांनी माझ्या ओठाच्या कोपऱ्यात मसुराएवढा पांढरा ठिपका आला. मी सांगणार होते. आज जेवू देत, उद्या सांगू. उद्या सोमवार, भजनाला जातील, परवा सांगू. ठिपका गालावर चढला, गळ्यावर उतरला, हातांवर फुटला, आणि परवा काही आला नाही. कोडाचं एक आहे, ते हाताला लागत नाही. उंच नाही, खोल नाही, खरखर नाही. कातडीत रंग बनवणाऱ्या पेशी मरतात, एवढंच. दुखत नाही, एकाचं दुसऱ्याला होत नाही. डॉक्टरांनी मला हे तीनदा समजावलं. गावाला समजवायला त्यांना कुणी बोलावलं नाही.

गावाने काय केलं? माझ्या हातचा चहा बेताने टाळला. हळदीकुंकवाला बोलावणं उशिरा पोचायला लागलं. पण यांच्यासमोर कुणी अवाक्षर काढलं नाही. आंधळ्यापुढे दिसण्याच्या गोष्टी काढू नयेत, एवढी रीत आमच्या गावाला आहे आणि बहुतेकांना वाटे, नवराच तो, त्याला ठाऊक असणारच. परकं गिऱ्हाईक आलं की मी पिठाचा हात गालावरून फिरवून घ्यायचे. गिरणीवाली बाई पांढरी असणारच, कोण विचारतं?

आणि आता एवढ्या शहाण्या यंत्राने माझी तीच जुनी युक्ती बिनतक्रार गिळली होती.

त्या वर्षी असले चष्मे काही नवलाचे राहिले नव्हते. दवाखान्यात मोबाइलसमोर जीभ काढली, दोनदा खोकलं, की यंत्र सांगायचं कुठल्या डॉक्टरकडे जा. शेतकरी पान दाखवून रोग विचारायचे. आमच्या शेजारच्या कलावतीकाकू तर कालवणाचा फोटो काढून विचारायच्या, मीठ पडलंय का. यंत्र म्हणायचं, फोटोवरून चव कळत नाही. मग काकू त्याला शिव्या द्यायच्या आणि ते माफी मागायचं.

मी शिवलीलाला विचारलं, "हे बघतं कसं गं?"

तिने गिरणीकडे बोट केलं. "आई, तुझ्या गिरणीसारखंच. पूर्वी चित्र ओळखणारं यंत्र वेगळं, बोलणं ऐकणारं वेगळं, लिहिणारं वेगळं. आता सगळं एकाच जात्यात टाकतात. चित्राचे बारीक चौकोनी तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याचे आकडे करायचे. आवाजाचेही आकडे. शब्दांचेही आकडे. ज्वारी टाक, गहू टाक, हरभरा टाक, खालून एकच पीठ. कोट्यवधी फोटो आणि त्यांच्याखाली लोकांनी लिहिलेलं वाचून ते शिकलंय, की कशाबरोबर काय येतं."

"म्हणजे त्याला दिसतं."

"दिसत नाही. जे असण्याचा संभव सगळ्यात जास्त, ते वाक्य ते बोलतं. गिरणी दिसली, दगडांचा आवाज आला, बाई दिसली, बाईवर पांढरं दिसलं. मग ते काय म्हणेल?"

"पीठ."

"पीठ." ती म्हणाली. "शिवाय त्याला शिष्टाचार घातलेत. माणसाचा रंग, व्रण, आजार आपणहून सांगायचा नाही. शर्टावर चहा सांडलाय, दातात पालक अडकलाय, ते सांगायचं. पुसता येतं ते सांगायचं, पुसता येत नाही ते विचारल्याशिवाय सांगायचं नाही."

मला तो शिष्टाचार फार आवडला. वाटलं, मीही एकोणीस वर्षं तेच करत आले.

पण ते खरं नव्हतं. मी त्याहून वाईट केलं होतं.

चार वर्षांपूर्वी शिवलीलाला उदगीरचं स्थळ आलं होतं. माणसं आली, पोहे खाल्ले, यांच्याशी भजनाच्या गप्पा मारल्या. मुलाची आई माझ्या हाताकडे बघत होती. मी बशी पुढे केली तेव्हा तिने ती पदराने धरून घेतली. चौथ्या दिवशी मध्यस्थाचा फोन आला. मुलीच्या आईला ते आहे, उद्या मुलीला, नातवंडांना झालं तर? मी फोन ठेवला. हे ओट्यावरून विचारत होते, "काय म्हणाले गं? का नको म्हणाले?"

तोंड उघडलं तर काय बाहेर पडावं? "त्यांना आंधळा व्याही नको असेल."

'असेल' म्हणाले मी. त्या एका शब्दाच्या आडोशाला मी चार वर्षं राहिले.

यांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "बरोबर हाय की त्यांचं." पुढच्या सोमवारी भजनाला गेले नाहीत. त्यापुढच्याही नाही. लग्नकार्य, बारसं, काही नाही. कुणी बोलवायला आलं तर म्हणायचे, "दळण लई साठलंय." एकदा मला म्हणाले, "पोरीचं लग्न होईस्तवर मी चारचौघांत दिसलो नाही तर बरं." मी पिठाचे डबे पुसत होते. पुसत राहिले.

आता शिवलीलाने आपलं लग्न आपणच जमवलं होतं. तिच्याच कचेरीतला रेवणसिद्ध, सांगलीचा. त्याची आई आमच्याकडे आली तेव्हा माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "माझ्या आत्याला होतं असं. नव्वद वर्षं जगली खडखडीत. तुमच्याकडं भाकरी काय सुंदर होती म्हणतात, बघू." माझ्या हातची दीड भाकरी तिने खाल्ली. हे तेव्हा गिरणीत लपले होते. लपलेच म्हणायचं. पाहुणे आल्याचं कळल्यावर त्यांनी मोटर चालू केली आणि रिकामे दगड फिरवत बसले.

लग्नाला तीन आठवडे होते. हे म्हणाले, "मी गिरणीतच थांबतो. माझ्या नावच्या अक्षता कुणीतरी टाका."

म्हणून तर शिवलीलाने चष्मा आणला होता. अप्पांना आपली लेक बघायला मिळाली तर येतील, असं तिला वाटलं.

मास्तर हे नाव यांनीच ठेवलं. कानात घालायच्या गोळ्या त्यांनी परत केल्या. "कान बुजवले तर मी खरा आंधळा होईन," म्हणाले. त्यामुळे मास्तर जे बोलायचा ते घरभर ऐकू यायचं. सकाळी तो वर्तमानपत्र वाचून दाखवायचा. डब्यांवरची नावं वाचायचा. वजनकाटा सांगायचा. आणि दिवसातून पाच-सहा वेळा, मी समोर आले की, "तुमच्या पत्नीच्या गालावर पीठ आहे."

"पूस की गं," हे हसून म्हणायचे.

"राहू द्या, पुन्हा लागणारच आहे."

कधी स्वतः उठून माझ्या गालावरून हात फिरवायचे. त्या तीन आठवड्यांत त्यांनी मला जेवढ्यांदा हात लावला, तेवढ्यांदा गेल्या चार वर्षांत लावला नसेल. मी तेवढी खूश होते. काय म्हणायचं ते म्हणा.

संध्याकाळी ओट्यावर मात्र मास्तर बंद. ती वेळ माझी होती. एकवीस वर्षं मी यांना रस्ता सांगत आले. "कलावतीकाकूंची गाय आली. मोडक्या शिंगाची. आज तिने पाटलांच्या सुनेचा गजरा खाल्ला बघा." गाय खरी असायची, गजरा कधीकधी नसायचा. एकदा यांनी गंमत म्हणून मास्तरला सुरू केलं. तो म्हणाला, "दोन दुचाकी गेल्या. एक गाय उभी आहे." यांनी लगेच बंद केला. "ह्याला गोष्टच सांगता येत नाही," म्हणाले. "तू सांग."

मी सांगितली. खोटी नव्हे, रंगवलेली. त्या दोन्हींत फरक आहे, असं मी तेव्हा स्वतःला बजावलं.

लग्नाला दहा दिवस असताना शिवलीला रजा घेऊन आली. दुपारी बापलेक बोलत बसले होते. मी आत ज्वारीचं पीठ मळत होते. थोड्या वेळाने ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तिचा आवाज इतका हळू होता की मीच घाबरले.

"आई, अप्पा म्हणतात उदगीरकर त्यांच्यामुळे नाही म्हणाले."

मी पीठ मळत राहिले.

"मला तर तू दुसरंच सांगितलं होतंस. कोडाचं. मी म्हटलं होतं, गेले उडत. अप्पांना तू काय सांगितलंस?"

"मी 'असेल' म्हणाले होते."

"असेल?" ती हसली. तसलं हसू लेकीच्या तोंडावर बघायची वेळ आईवर येऊ नये. "चार वर्षं झाली, अप्पांनी भजन सोडलंय. माझ्या लग्नाला यायचं नाही म्हणतात, का तर मला कमीपणा नको. आणि तू रोज त्यांना ताट वाढतेस."

"सांगणार आहे मी."

"कधी?"

"हळदीच्या आधी."

"हळदीच्या आधी. नाहीतर मी सांगते."

मी दोनदा सांगायला गेले, शपथेवर. पहिल्यांदा गिरणीत. "अहो, एक बोलायचं होतं," म्हटलं. यांनी कान पुढे केला, "मोठ्यानं बोल, दगड फिरतायत." ते मोठ्याने बोलता येईना. दुसऱ्यांदा ओट्यावर. हे म्हणाले, "मास्तर मला म्हणतो, लग्नात पोरीचं तोंड जवळनं बघितलं तर हसती का रडती ते सांगीन. जाऊ का गं मी? मागं कुठंतरी उभा राहीन. कुणाच्या नजरेला येणार न्हाई असा."

तेव्हाच सांगायला हवं होतं. 'पुढे उभे राहा, तुमचा काही दोष नव्हता' एवढंच. मी म्हणाले, "जा की." आणि मला वाटलं, सुटले. चष्मा त्यांना मांडवात नेईल, माझं तोंड मिटलेलं राहील, सगळ्यांचं भलं होईल.

लग्न गुरुवारी होतं. सोमवारपासून गिरणी बंद केली. मंगळवारी चार बायका लावून भिंती-जमीन धुऊन काढली, दगडांवर कापड बांधलं, कारण पाहुणे तिथेच जेवायला बसणार होते. बुधवारी सकाळी हळद झाली. बायकांनी मलाही माखवलं. रेवणसिद्धच्या आईने तर दोन्ही हातांनी. अकरा वाजता मी डोक्यावरून न्हाले, अंग घासून घासून पुसलं, हिरवी इरकल नेसले आणि यांच्यासाठी चहा घेऊन गेले. हे खाटेवर नवा सदरा घालून बसले होते. शिवलीला दारात उभी होती. तिने माझ्याकडे भुवया उंचावून पाहिलं. मी मान हलवली. अजून नाही.

"आलीस?" हे म्हणाले. "थांब, कशी दिसतीस बघू दे." आणि चष्मा चढवला.

"तुमच्या पत्नीने हिरवी साडी नेसली आहे," मास्तर म्हणाला. "केस ओले आहेत. चेहऱ्यावर, गळ्यावर आणि दोन्ही हातांवर पीठ लागलेलं आहे."

"अगं, आज तरी…" हे हसायला लागले आणि अर्ध्यात थांबले. त्यांची मान जराशी वाकडी झाली. दगडाचा आवाज बदलला की होते तशी.

"गिरणी सोमवारपासून बंद हाय," ते म्हणाले.

मी चहाचा कप खाली ठेवला.

"ये इकडं."

मी गेले. त्यांनी माझा गाल शोधला. अंगठ्याने घासलं, मग अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर चोळली. मला ती चिमूट माहीत होती. जगातलं कुठलंही पीठ त्या दोन बोटांना फसवू शकत नव्हतं.

अंगठा जिभेला लावून ओला केला आणि पुन्हा घासलं. "मास्तर, गेलं का?"

"नाही."

आणखी जोरात. गाल चुरचुरला. "गेलं का?"

"नाही. काही फरक पडलेला नाही."

त्यांनी माझा हात धरला. मनगटापासून कोपरापर्यंत ओल्या अंगठ्याने ओढत नेलं. "आता?"

"नाही."

"मग हे पीठ न्हाई."

मास्तर म्हणाला, "माफ करा. माझा अंदाज चुकला असावा. हे वैयक्तिक असू शकतं. तुम्ही विचारलंत तर सांगतो. सांगू का?"

यांनी तोंड माझ्या दिशेला वळवलं. चष्म्याच्या दोन काचांत मला मीच दिसत होते, दोनदा. "तू सांग," हे म्हणाले.

मी सांगितलं. मसुराएवढ्या ठिपक्यापासून. त्या भाकरीच्या रंगाबद्दलही. ते ऐकताना त्यांचा हात माझ्या कोपरावर होता, आणि तो हात काही वाईट नव्हता. एका जागी तर बोटांनी जरा थोपटलंही. "एवढंच?" ते म्हणाले. "अगं येडे, मला काय त्याचं? मी कुठं बघतोय?"

तिथेच गोष्ट संपवता आली असती. मी गप्प बसले असते, तर कदाचित संपलीही असती. पण दारात शिवलीला उभी होती, आणि यांचं डोकं दगडासारखं फिरत होतं, पडेल ते दळत.

"म्हणजे गावाला ठाऊक होतं."

"हो."

"पाव्हण्यांनाबी दिसत असणार."

"हो."

त्यांचा हात कोपरावरच होता. "उदगीरकर?"

मी दाराकडे, शिवलीलाकडे पाहिलं.

"बोल की, महानंदा. उदगीरकर कशामुळं न्हाई म्हणाले?"

"ह्यामुळं," मी म्हणाले.

हात निघाला. ओढून घेतला नाही, झटकला नाही. डब्याचं झाकण उचलावं तसा उचलला आणि मांडीवर ठेवला.

"चार वर्षं," ते म्हणाले. बाहेर मांडवात कुणीतरी खुर्च्या मोजत होतं. "मी देवळात जायचं सोडलं. पाव्हण्याला तोंड दाखवायचं सोडलं. रोज उठून म्हणायचो, ह्या डोळ्यांनी माझ्या लेकीचं वाटोळं केलं. रोज. आणि तू शेजारी होतीस."

"मी 'असेल' म्हणाले होते," मी पुन्हा म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही.

"अप्पा," शिवलीला पुढे आली.

"तू रडू नगंस," हे तिला म्हणाले. "उद्या तुझं लग्न हाय. मी पुढं बसणार. एकदम पुढं."

बसलेही. गुरुवारी मांडवात शिरायच्या वेळी मी सवयीने उजवा हात पुढे केला. एकवीस वर्षं कुठेही जाताना ते माझ्या कोपराला धरून चालत. मास्तर सांगत होता, "समोर तीन पायऱ्या आहेत. डाव्या बाजूला तुमच्या पत्नी उभ्या आहेत, त्यांनी हात…"

"तिचं नको सांगू," हे म्हणाले.

"आत्तापुरतं, की यापुढे कधीच नको?"

हे थांबले. मागे सनईवाले, मागे पाहुणे, मागे कलावतीकाकू नव्या साडीत. मला वाटलं, एवढ्या लोकांत तरी आत्तापुरतं म्हणतील.

"यापुढं," हे म्हणाले, आणि तीन पायऱ्या एकटे चढले. लोक म्हणाले, वा, काय तंत्र निघालंय, बघा, माणूस स्वतःच्या पायांनी चालतोय.

अक्षता पडल्या. मास्तरने सांगितलं, मुलगी हसते आहे. आता रडते आहे. आता पुन्हा हसते आहे. यांनी मोठ्याने विचारलं, "रडताना नाक ओढती का?" मास्तर म्हणाला, "हो." सगळा मांडव हसला. मीही हसले, माझ्या जागेवरून.

त्याला सात महिने झाले. कुणी भांडलं नाही, कुणी घर सोडलं नाही. हे दर सोमवारी भजनाला जातात, मास्तरच्या सोबतीने, नीट वेळेवर. भाकरी खातात. "मीठ दे" म्हणतात, "दळण कुणाचं" विचारतात. गिऱ्हाइकाशी बोलतात त्या सुरात, म्हणजे चांगल्याच. शिवलीलाचा फोन आला की दोघांशी वेगवेगळी बोलते. मला म्हणाली, "आई, वेळ दे त्यांना." वेळच वेळ आहे.

संध्याकाळी ते ओट्यावर बसतात. मास्तर सांगतो, "दोन दुचाकी गेल्या. एक गाय उभी आहे." मी आत उभी राहून ऐकते. ती मोडक्या शिंगाची आहे. तिला हल्ली वासरू झालंय, पांढऱ्या कपाळाचं, आणि ते रोज आमच्या गिरणीच्या दाराशी पडलेलं पीठ चाटायला येतं. मास्तरला ते दिसत असेल. पण सांगण्यासारखं वाटत नसेल.

काल दुपारी मी एक करून पाहिलं. गिरणीतून घरात यायच्या वाटेवर, बरोबर मधोमध, हातातल्या बांगड्या घट्ट धरून उभी राहिले. हे डब्यांची नावं ऐकून झाल्यावर आत यायला निघाले. माझं वर्णन मास्तर करत नाही. सांगितलेलं तो विसरत नाही. पण माणूस कशाला धडकू नये, हेही त्याला पाहावंच लागतं.

"समोर दोन पावलांवर अडथळा आहे," तो म्हणाला.

हे थांबले. मला वाटतं, त्यांना वास आला असणार. मी सकाळीच शिकेकाईने न्हाले होते. एकवीस वर्षं ज्याने नाकाने आणि कानाने घर ओळखलं, त्याला यंत्राची काय गरज? त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर हळूहळू घासत होता, चिमटीत काहीच नसताना. जाड की बारीक, ते बघावं तसा. पायलीभर ज्वारी दळून व्हावी एवढा वेळ ते उभे होते. की मला तेवढा वाटला.

"अडथळा हललेला नाही," मास्तर म्हणाला. "डावीकडून वाट आहे."

हे डावीकडून गेले.

जाताना त्यांची बाही माझ्या कोपराला घासली आणि तिथे पिठाचा पट्टा उमटला. मी पदराने पुसला. तो लगेच गेला.